घर आणि यंत्र : पाठीमागचा डोळा

गेल्या अंकीं विहिरीवरील पंपाची विजेची जोडणी घरच्या घरीं कशी तपासावी तें लिहिलें होतें, आणि पुढील अंकीं गच्चीवरील टाकीविषयीं लिहीन असें वचन दिलें होतें. तें वचन या महिन्यापुरतें मी मोडीत आहें; वाचकांनीं क्षमा करावी. मध्यंतरीं आमच्याच अंगणांत एक गोष्ट अशी घडली कीं, ती सांगितल्यावांचून टाकीकडे मन वळेना.

आपण म्हणाल, मातीकामाच्या अवजड यंत्राशीं आमच्या घरगृहस्थीचा संबंध काय? आजवर मीहि असेंच म्हणत होतों. पण आतां विहीर खणावयाची असो, घराचा पाया काढावयाचा असो, कीं जुनी पडवी पाडावयाची असो, कुदळ-फावडीं घेतलेले वीस गडी कोठें येतात? एक पिवळें धूड येतें आणि वीस गड्यांचें आठ दिवसांचें काम दुपारच्या जेवणापूर्वीं उरकतें. तें धूड थेट दारांत येतें, आणि आपल्या दारांत मुलें खेळत असतात. संबंध आहे तो एवढाच. पण तो थोडा नव्हे.

ज्या यंत्राला आपल्याकडे सरसकट ‘जेसीबी’ म्हणतात, त्याचें हें नांव जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या आद्याक्षरांवरून पडलें. १९४५ सालीं इंग्लंडांतील उटॉक्सेटर या गांवीं त्यानें आपला धंदा सुरू केला. कोणत्याहि वनस्पति तुपाला जसें आपण एके काळीं ‘डालडा’ म्हणत होतों, तसें हें एका कारखान्याचें नांव आतां त्या साऱ्या जातीचेंच नांव होऊन बसलें आहे. या यंत्राला पुढें माती भरावयाचें रुंद बकेट असतें आणि मागें खोदाईचा लांब हात असतो. रस्त्यानें जातांना अथवा पुढच्या बकेटनें काम करतांना तो हात दुमडून पाठीशीं उभा धरलेला असतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आमच्या मधल्या बंधूंचा मुलगा अभियंता आहे. नोकरी न करतां त्यानें कर्ज काढून असें एक जुनें यंत्र विकत घेतलें आणि तो तें तासाच्या भाड्यानें देतो. यंत्र चालविणारा, म्हणजे त्या धंद्याच्या भाषेंत ‘ऑपरेटर’, विजापूरकडचा आहे. पण बारा वर्षें कोंकणांत काढल्यामुळें मराठी उत्तम बोलतो. दिवाळीनंतर आम्ही सर्व भावंडें मूळच्या घरीं जमलों होतों. परसांतल्या गोठ्यापर्यंत गाडी जाईल एवढी वाट करावयाची असें बरेच दिवस घाटत होतें. म्हणून पुतण्यानें त्या रविवारीं आपलें यंत्र घरींच आणविलें.

अंगणांत चिऱ्याचें तुळशीवृंदावन होतें. तें आमच्या आजोबांनीं बांधलेलें. सकाळपासून पुतण्याची चार वर्षांची मुलगी त्या वृंदावनाच्या जोत्याला टेकून करवंट्यांचा संसार मांडून बसली होती. यंत्राचें काम अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चाललें होतें, म्हणून कोणी तिला उठविलें नाहीं. साडेदहाच्या सुमारास माझ्या आईनें तिला मऊभात खावयास आंत हांक मारली. पोर उठून माजघरांत गेली. तिचा पहिला घांस झाला असेल नसेल, तोंच बाहेर धाडकन् आवाज झाला. पुढच्या बकेटमध्यें माती भरून यंत्र मागें येत होतें. त्याच्या पाठीचा धक्का वृंदावनाला बसला आणि तें जोत्यापासून उखडून आडवें झालें. करवंट्यांचा चुरा झाला होता. यंत्र मागें येतांना वाजणारी घंटा तोंवर वाजतच होती.

पुतण्या धांवत गेला आणि त्या ऑपरेटरवर ओरडूं लागला. तो बिचारा खालीं उतरून थरथरत उभा होता. इतकेंच म्हणाला, “साहेब, मागचं मला दिसतच नाहीं. दोन वर्षं मी अंदाजानंच मागं घेतोय.”

त्यावर पुतण्या आणखीच संतापला. तेवढ्यांत आई ओटीवर आली. तिचें वय शहाऐंशी आहे. ती म्हणाली, “वृंदावन पुन्हां बांधतां येईल. त्याच्यावर ओरडूं नकोस. त्याला दिसत होतं कीं नाहीं, तें आधीं तूं वर बसून बघ.”

त्या एका वाक्यानें आमच्या घरांत जी परीक्षा झाली, तीच या लेखाचा खरा विषय आहे. यंत्र बंद केलें, किल्ली काढून आईच्या हातीं दिली. पुतण्या ऑपरेटरच्या जागेवर बसला. दोन्ही बाजूंचे आरसे त्यानें आपल्या सोयीप्रमाणें लावून घेतले. माझ्या धाकट्या मुलानें सव्वातीन फूट उंचीची, म्हणजे त्या पोरीच्या उंचीची, एक काठी घेतली आणि तिच्या टोंकाला तांबडें फडकें बांधलें. तो काठी उभी धरून यंत्राभोंवतीं पावलापावलानें फिरूं लागला. पुतण्या वरून “दिसतें” किंवा “नाहीं दिसत” असें ओरडून सांगे. आणि जेथें “नाहीं” असें उत्तर येई, तेथें वहिनी रांगोळीचा ठिपका घालीत. शेवटीं कडेचे ठिपके रेघेनें जोडले. यंत्राच्या मागें त्याच्या रुंदीहून मोठी आणि सुमारें सोळा फूट लांब अशी एक पांढरी आकृति अंगणांत उमटली. वृंदावनाचें जोतें बरोबर तिच्या मध्यावर होतें.

मग आईनें घरांतलीं सगळीं मुलें बोलावलीं आणि त्या रेघेच्या आंत उभीं केलीं. लहानमोठीं मिळून सात होतीं. तिनें पुतण्याला विचारलें, “किती दिसतात?” त्यानें मान वळवून पाहिलें, आरशांत पाहिलें, जागेवरून अर्धा उठून पाहिलें. मग हलक्या आवाजांत म्हणाला, “एकहि नाहीं.” त्या सातांपैकीं एक त्याची स्वतःची होती. त्यानंतर तो ऑपरेटरला एक शब्द बोलला नाहीं.

आम्हीं केलें तें कांहीं नवें नव्हे. कामगारांच्या सुरक्षिततेचें संशोधन करणाऱ्या अमेरिकेंतील सरकारी संस्थेनें निरनिराळ्या बांधकाम-यंत्रांचे असे ‘न दिसणाऱ्या जागेचे’ नकाशे काढून प्रसिद्ध केले आहेत. आणि ही अडचण केवळ अवजड यंत्रांचीच नाहीं. २००२ सालीं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरनें घराच्या दारांत आपली मोटार मागें घेतली. मागें पाहूनच घेतली. आणि तिच्याखालीं त्याचा स्वतःचाच दोन वर्षांचा मुलगा सांपडून गेला. त्या बापानें पुढें केलेल्या खटपटीस यश येऊन २८ फेब्रुवारी २००८ रोजीं तेथें एक कायदा झाला. त्या कायद्याला त्या बालकाचेंच नांव आहे. त्यास अनुसरून १ मे २०१८ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीला मागचा देखावा दाखविणारा कॅमेरा सक्तीचा झाला. मात्र ही सक्ती दहा हजार पौंडांहून हलक्या वाहनांपुरती आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांना मागील अडथळ्याची सूचना देणारीं साधनें सक्तीचीं झालीं. पण गांवोगांव भाड्यानें फिरणाऱ्या जुन्या यंत्रांना नवा डोळा कोणता कायदा बसविणार? तो मालकानेंच बसविला पाहिजे.

“पण घंटा वाजते ना?” असें कोणी विचारील. घंटा अवश्य असावी. परंतु घंटा सावध करते ती मागें उभ्या असलेल्या माणसाला. चालविणाऱ्याला तिच्यापासून कांहींच कळत नाहीं. म्हणजे जीव वांचविण्याची जबाबदारी तिनें चार वर्षांच्या पोरावर टाकली! शिवाय जी घंटा दिवसभर वाजते ती थोड्याच वेळानें कोणालाहि ऐकूं येईनाशी होते. त्या दिवशीं आमच्या घरांत पंधरा माणसें होतीं. ती वाजत होती हें धाडकन् आवाज होईपर्यंत एकाच्याहि लक्षांत नव्हतें.

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. दुसऱ्याच दिवशीं पुतण्यानें तालुक्याच्या गांवीं मोटारींच्या सामानाच्या दुकानांतून सात इंची पडदा व एक कॅमेरा आणला. त्याला बसवितांना त्याच्या ज्या चुका झाल्या, त्या येथें मुद्दाम सांगतों. कारण चुकांपासूनच वाचकांना अधिक लाभ होईल.

प्रथम विजेचा दाब पाहावा. ट्रॅक्टर आणि या जातीचीं यंत्रें बहुधा १२ व्होल्टचीं असतात. मोठे डंपर आणि पोकलेन २४ व्होल्टचीं. १२ व्होल्टचा पडदा २४ व्होल्टला जोडला तर तो जळतो. म्हणून ‘१२ ते २४ व्होल्ट’ असें ज्यावर लिहिलेलें असेल तोच घ्यावा. कॅमेऱ्यावर ‘आयपी ६७’ असा शिक्का पाहावा. यांतील ६ या आंकड्याचा अर्थ धूळ आंत मुळींच जात नाहीं, आणि ७ चा अर्थ एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडला तरी तो टिकतो. तथापि यंत्र धुतांना पाण्याचा जोरदार झोत थेट त्याच्यावर धरूं नये. तो मार सोसण्याची हमी या शिक्क्यांत नाहीं. बिनतारी कॅमेरे मिळतात, पण स्वस्तांतल्या बिनतारी कॅमेऱ्याचें चित्र मधूनच तुटतें, आणि नेमकें हवें त्या क्षणीं तुटलेलें चित्र हें चित्र नसण्याहून वाईट. म्हणून तारेचाच घ्यावा.

पहिली चूक जागेची. पुतण्यानें कॅमेरा छताच्या मागच्या कडेला, अगदीं मधोमध बसविला. पडदा लावून पाहतो तों त्यांत दुमडलेला खोदाईचा हातच काय तो दिसे! तेव्हां कॅमेरा डाव्या कोपऱ्याकडे सरकविला आणि थोडा खालीं झुकविला. तरी हाताच्या आडचा उजवा भाग राहिलाच. सुदैवानें पडदा दोन चित्रें शेजारीं शेजारीं दाखविणारा होता. म्हणून दुसरा कॅमेरा आणून उजव्या कोपऱ्याला बसविला. ज्या ट्रॅक्टरला अथवा डंपरला मागें असा हात नसेल, त्याला मध्यावरचा एकच पुरेल.

दुसरी चूक जोडणीची. जोडणीपूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी. पडद्याची तांबडी तार फ्यूजमधूनच न्यावी, आणि तो फ्यूज वीज जेथून घेतली त्या टोकाजवळ असावा. नाहीं तर तार मध्येंच कोठें घांसली गेली तर आग लागेल. एक बारीक तार मागें येतांनाच्या दिव्याच्या अथवा घंटेच्या तारेला जोडावयाची असते. तिच्यामुळें मागचा गिअर पडतांच पडदा आपोआप उजळतो. हें सर्व पुतण्यानें नीट केलें, तरी चित्र सारखें थरथरे. शेवटीं कळलें कीं, काळी तार त्यानें रंग दिलेल्या पत्र्याला बोल्टनें आवळली होती. रंग खरवडून खालचें स्वच्छ लोखंड उघडें करतांच चित्र स्थिर झालें.

तार नेतांना तीन पथ्यें पाळावीं. पत्र्याच्या भोंकांतून ती जाते तेथें रबराची कडी घालावी. धुराच्या नळीपासून ती लांब ठेवावी. आणि तेलाच्या दाबनळ्यांना कधीं बांधूं नये, कारण त्या तापतात व हलतात. जेथें एखादा भाग उघडतो-मिटतो तेथें तारेला थोडी ढील द्यावी.

तिसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. मागचें चित्र आरशाप्रमाणें उलट दिसावें लागतें, म्हणजे आपल्या डाव्या बाजूचा माणूस पडद्यावरहि डावीकडेच येतो. कांहीं कॅमेऱ्यांत हें बदलण्याची सोय असते. यंत्राच्या डाव्या अंगाला एकाला हात वर करून उभें करावें आणि खात्री करून घ्यावी. ही परीक्षा टाळली तर चालक संकटापासून दूर जाण्याऐवजीं संकटाकडेच वळेल.

चौथी गोष्ट अंतराची. या कॅमेऱ्यांचें भिंग फार रुंद कोनाचें असल्यामुळें जवळची वस्तु दूर भासते. त्यावर तोडगा वहिनींनीं काढला. त्यांनीं यंत्रामागें तीन, सहा आणि दहा फुटांवर रांगोळीच्या आडव्या रेघा ओढल्या. त्या पडद्यावर जेथें दिसल्या तेथें नखांना लावावयाच्या तांबड्या रंगानें कांचेवर खुणा केल्या. कॅमेरा हलला नाहीं तोंपर्यंत त्या खुणा खऱ्या. यंत्र ताशीं पांच किलोमीटर इतक्या मंद वेगानें मागें आलें तरी एका सेकंदांत सुमारें साडेचार फूट येतें, हें लक्षांत घेतां त्या खुणांचें महत्त्व कळेल.

खर्च असा झाला : पडदा ३,२०० रुपये, दोन कॅमेरे १,६००, आणि तार, फ्यूज, नळी व किरकोळ मिळून ६००, एकूण ५,४००. पुतण्याच्या यंत्राचें तासाचें भाडें बाराशें रुपये आहे. म्हणजे पांच तासांच्या भाड्याहूनहि कमी. हा हिशेब वहीत मांडतांना तो स्वतःच म्हणाला, “काका, दोन वर्षांत मीं सीटचं कव्हर दोनदां बदललं.” यावर मीं कांहीं बोललों नाहीं, बोलण्यासारखें उरलेंच नव्हतें.

कॅमेरे बसल्यावर काठी आणि रांगोळी घेऊन तीच परीक्षा आम्हीं पुन्हां केली. सोळा फुटांची आकृति नाहींशी झाली. मागच्या चाकांशेजारीं दोन लहान तुकडे तेवढे उरले. म्हणजे डोळा मिळाला, पण तो सर्वसाक्षी नव्हे. त्यावर चिखल उडतो, पावसाचा थेंब बसतो, उन्हांत पडदा फिका पडतो. म्हणून पडद्याला पुठ्ठ्याची टोपी केली आहे, आणि रोज सकाळीं काम सुरू करण्यापूर्वीं भिंग ओल्या फडक्यानें पुसण्याचा नियम केला आहे. सर्वांत मोठा धोका मात्र मनाचा. पडदा आहे या भरंवशावर चालक आरसे पाहीनासा झाला, तर मिळालें तें सगळें गेलें. अमेरिकेंतील बांधकामाच्या नियमांत ज्या मातीकामाच्या यंत्रामागचें दिसत नाहीं, त्यानें एक तर ऐकूं जाईल अशी घंटा लावावी किंवा मागें इशारा देणारा माणूस उभा करावा असें आहे. आपल्या अंगणांत तर कॅमेरा, घंटा आणि माणूस हीं तिन्ही असावींत. घरांत मोठ्या माणसांची वाण थोडीच असते?

पंधरा दिवसांपूर्वीं तो ऑपरेटर दुसऱ्या गांवचें काम संपवून आला. सहज बोलतां बोलतां म्हणाला, “परवां एक म्हातारी यंत्रामागं काटक्या वेंचत होती. पडद्यावर लुगडं दिसलं, म्हणून थांबलों.” इतकेंच सांगून तो चहा पिऊं लागला. त्याच्या लेखीं ती मोठी गोष्ट नव्हती. परंतु अपघात झाला असता तर जमावाचा मार, पोलिसांची चौकी आणि जन्माचा कलंक हें सर्व त्याच्याच वांट्याला आलें असतें, मालकाच्या नव्हे. ज्याला आपण दृष्टि दिली नाहीं त्याला आंधळेपणाबद्दल दोष द्यावयाचा, ही आपल्या घरांतली जुनी खोड आहे. ती केवळ यंत्रांपुरती आहे असेंहि नाहीं.

तेव्हां वाचकांना विनंती इतकीच. आपल्या दारांत असें यंत्र बोलावण्यापूर्वीं भाडें ठरवितांनाच विचारा कीं, मागचें दिसण्याची काय व्यवस्था आहे? नसेल तर काम सुरू होण्यापूर्वीं काठी आणि रांगोळी घेऊन ती पांढरी रेघ ओढा, आणि घरांतील सर्वांना, विशेषतः मुलांना, ती दाखवा. यंत्र चालूं असेपर्यंत मुलें ओटीच्या आंत आणि एक जाणता माणूस बाहेर, हा नियम ठेवा. आणि यंत्र आपल्याच नात्यागोत्यांतील कोणाचें असेल, तर पांच-साडेपांच हजारांची ही गोष्ट त्याच्याकडून आग्रहानें करवून घ्या.

वृंदावन त्याच जोत्यावर पुन्हां उभें राहिलें आहे. चिरे लावावयास तो ऑपरेटरहि आला होता; आईनें त्याला आग्रहानें जेवावयास बसविलें.

गच्चीवरील टाकीविषयीं पुढील अंकीं नक्की.